पाच डॉलरचे तिकीट

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेत जमिनीचा प्रश्न आहे, असंघटित कामगारांचा प्रश्न आहे, आणि त्यांच्या शेजारी अमेरिकेतील एका पंक रॉक बँडचे नाव आहे. कर्कश गिटारी आणि आरडाओरडा यांच्याशी चळवळीतल्या माणसाला काय कर्तव्य आहे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. तो पडणे स्वाभाविकच आहे. ते संगीत आपल्या कानांना रुचावे असा माझा आग्रह नाही. मला त्या बँडच्या गाण्यांपेक्षा त्याच्या हिशेबवहीविषयी बोलायचे आहे. भांडवली बाजारपेठेच्या ऐन मध्यभागी राहून, तिच्या अटी न पत्करता, एखादे सांस्कृतिक काम पंधरा वर्षे कसे चालवता येते आणि त्या मार्गाच्या मर्यादा कोठे लागतात, या दोन्ही गोष्टी त्या हिशेबवहीत स्पष्ट वाचायला मिळतात.

बँडचे नाव फुगाझी. गाव वॉशिंग्टन. काळ १९८७ ते २००२.

थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रॉक संगीत हा एक अवाढव्य उद्योग झाला होता. मूठभर ध्वनिमुद्रण कंपन्या, प्रचंड क्रीडागारांतील कार्यक्रम, आणि श्रोत्यांपासून कोसभर दूर उभा असलेला कलावंत, असे त्याचे स्वरूप होते. या स्थितीविरुद्ध न्यूयॉर्क आणि लंडन येथील तरुणांनी जे बंड केले ते पंक. गाण्यासाठी उस्तादी लागत नाही, तीन सूर येत असतील तर उभे राहा आणि बोला, असा त्याचा आशय होता. परंतु बंडही विकत घेता येते, हे बाजारपेठेला चांगले ठाऊक असते. लंडनच्या द क्लॅश या बँडने १९७७ सालीच सीबीएस या बड्या कंपनीशी करार केला. बंडखोरी हा विक्रीचा एक नवा माल झाला.

वॉशिंग्टनमधल्या मुलांच्या वाट्याला ही संधी आली नाही, आणि पुढे पाहता तेच त्यांच्या पथ्यावर पडले. राजधानीत संगीताचा मोठा धंदा नव्हता आणि कंपन्यांचे दलाल तेथे फिरकत नसत. बॅड ब्रेन्स हा कृष्णवर्णीय तरुणांचा विलक्षण ताकदीचा बँड तेथे वाजवीत होता. त्याला पाहून शाळकरी वयाची अनेक मुले वाद्ये घेऊन उभी राहिली. त्यांत इयन मकाय आणि जेफ नेल्सन हे दोघे होते. त्यांचा टीन आयडल्स हा बँड १९८० साली मोडला. तोवरच्या कार्यक्रमांची सगळी मिळकत त्यांनी वाटून न घेता एका डब्यात जमवून ठेवली होती. मोडलेल्या बँडने त्या पैशातून स्वतःची एक ध्वनिमुद्रिका काढली आणि त्यासाठी डिस्कॉर्ड नावाची संस्था स्थापन केली. विसंवाद आणि स्वरमेळ अशा दोन्ही शब्दांवर श्लेष करणारे ते नाव आहे. वेष्टने छापून आणली, आणि ती कापणे, दुमडणे, चिकटवणे हे सगळे काम मित्रमंडळींनी हाताने केले. ध्वनिमुद्रिका विकून जे पैसे येतील त्यांतून गावातल्याच दुसऱ्या बँडची ध्वनिमुद्रिका काढायची, असे ठरले. फक्त वॉशिंग्टन परिसरातील बँडचेच संगीत प्रसिद्ध करायचे, हा डिस्कॉर्डचा नियम तेव्हापासूनचा आहे.

मकायच्या पुढच्या बँडचे नाव मायनर थ्रेट. १९८० ते १९८३ एवढेच त्याचे आयुष्य, पण त्याने देशभर तरुणांना हलवून सोडले. दारू आणि अमली पदार्थ यांपासून दूर राहण्याविषयीच्या त्याच्या एका गाण्यातून ठिकठिकाणी एक पंथच निर्माण झाला. मकायने मात्र आपण कोणताही पंथ स्थापन केलेला नाही, असे पुढे वारंवार सांगितले. याच काळात या कार्यक्रमांतून हिंसा वाढत गेली. रंगमंचापुढे अंगावर अंगे आदळत नाचण्याची रीत पडली होती. तिचे मारामारीत रूपांतर झाले, आणि मुली व लहान चणीची मुले भिंतीकडे ढकलली गेली. जे व्यासपीठ सर्वांचे म्हणून उभे राहिले होते, ते दांडगटांच्या हाती गेले.

यावर काही मंडळी काम सोडून निघून गेली. काहींनी मात्र १९८५ च्या उन्हाळ्यात ठरवून नवी सुरुवात केली. त्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या पंक तरुणांनी दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीबाहेर डबे आणि ढोल बडवून वर्णद्वेषी राजवटीचा निषेध केला. त्याच वर्षी पॉझिटिव्ह फोर्स नावाचा कार्यकर्त्यांचा एक गट तेथे उभा राहिला. बेघरांसाठी, स्त्रियांसाठी, आरोग्यसेवेसाठी काम करणाऱ्या संस्थांना निधी मिळवून देणारे कार्यक्रम हा गट भरवू लागला. फुगाझीचा जन्म या वातावरणात झाला. मकाय, जो लॅली, ब्रेंडन कँटी आणि काही काळाने सामील झालेला गी पिच्चोटो असे चौघे. ३ सप्टेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटर या सभागृहात त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. नाव घेतले ते व्हिएतनाम युद्धातील सैनिकांच्या बोलीतून. पुरत्या फसलेल्या, सुटकेची आशा नसलेल्या परिस्थितीला ते सैनिक फुगाझी म्हणत.

आता हिशेबवहीकडे वळू. या बँडने काही नियम स्वतःला घालून घेतले. तिकीट साधारणपणे पाच डॉलरच असेल. कार्यक्रम सर्व वयाच्या लोकांना खुला असेल. ध्वनिमुद्रिका स्वस्त असेल, आणि टपालखर्चासह तिची किंमत तिच्यावरच छापलेली असेल. बँडच्या नावाचे टी-शर्ट वगैरे माल विकला जाणार नाही. दारू आणि तंबाखू यांच्या जाहिरातींवर चालणाऱ्या मोठ्या मासिकांना मुलाखत दिली जाणार नाही. करार नाहीत, वकील नाही, व्यवस्थापक नाही, दौरे ठरवणारा दलाल नाही.

वरवर पाहता ही व्रतस्थ माणसांची यादी वाटते. परंतु एकेक नियम तपासला म्हणजे त्यामागचा व्यवहार उलगडतो. सर्व वयाच्या लोकांना प्रवेश, एवढी साधी वाटणारी अट घ्या. अमेरिकेत असले कार्यक्रम बहुधा दारूच्या गुत्त्यांत होतात, आणि तेथे एकवीस वर्षांखालच्यांना मद्य विकता येत नाही. मालकाची खरी कमाई मद्यावर असते. गाणारा हा गिऱ्हाईक आत ओढण्यापुरता असतो. म्हणून ज्या मुलांसाठी हे संगीत जन्माला आले, त्यांनाच दाराबाहेर ठेवले जाते. ही अट पाळायची तर गुत्ता सोडून चर्चचे दालन, शाळेची व्यायामशाळा, कामगारांचे वा समाजमंदिराचे सभागृह शोधावे लागते. ते शोधायचे तर गावोगाव विश्वासाची माणसे लागतात. अशी माणसे जोडली की मग दलालाची गरज उरत नाही. एक तत्त्व पाळल्यामुळे एक संघटन उभे राहिले, असा हा क्रम आहे.

पाच डॉलरच्या तिकिटाचेही तसेच आहे. रूढ पद्धतीत व्यवस्थापक मिळकतीचा पंधरा-वीस टक्के हिस्सा घेतो, दलाल दहा टक्के घेतो, मग वकील येतो, मग हिशेबनीस येतो. हे सगळे बँडच्या सोयीसाठी असतात असे म्हटले जाते. पण त्यांचे पोट भरायचे म्हणून तिकीट वाढते, आणि तिकीट वाढले की अधिक मोठे सभागृह, अधिक मोठी जाहिरात, अधिक मोठी कंपनी यांची ओढ लागते. फुगाझीने दौऱ्यांचे दूरध्वनी स्वतः केले, वाद्ये स्वतः उचलली, आणि सुरुवातीच्या काळात मुक्काम ओळखीच्यांच्या घरी केला. खर्च एवढा खाली ठेवला की पाच डॉलरमध्ये भागले, आणि चौघांचे बऱ्यापैकी भागले. कोणी अर्धपोटी राहून हौतात्म्य मिरवले नाही. स्वातंत्र्याचा उगम जमेच्या बाजूला शोधण्याची आपल्याला सवय आहे. पैसा आला म्हणजे आपण स्वतंत्र होऊ, असे आपण मानतो. या चौघांनी तो खर्चाच्या बाजूला शोधला. ज्याच्या गरजा आटोक्यात असतात, त्याच्याजवळ नकार देण्याची शक्ती शिल्लक राहते.

मारामारीच्या प्रश्नावरही त्यांनी असाच साधा उपाय काढला. कोणी आसपासच्यांना इजा होईल असे वागू लागला, तर चालू गाणे थांबवून रंगमंचावरून त्याच्याशी बोलत. ऐकले नाही तर त्याला बाहेर काढीत, आणि पाच डॉलर पाकिटात घालून त्याच्या हातात ठेवीत. पैसे परत देण्यातला विचार मला महत्त्वाचा वाटतो. तू आमचे गिऱ्हाईक आहेस म्हणून आम्ही तुझे ऐकावे, हा दावा त्या पाकिटाने निकालात निघतो. श्रोत्याशी असलेले नाते विक्रीचे नाही, ते एकत्र जमलेल्या माणसांचे आहे, आणि एकत्र जमायचे तर दुबळ्यालाही उभे राहायला जागा हवी.

वॉशिंग्टनमधले त्यांचे जवळजवळ सर्व कार्यक्रम निधिसंकलनासाठी, निषेधासाठी किंवा विनामूल्य असत. फोर्ट रीनो नावाच्या सार्वजनिक उद्यानात ते उन्हाळ्यात फुकट वाजवीत. १९९० च्या डिसेंबरात लॉर्टनच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांपुढे कार्यक्रम केला. १२ जानेवारी १९९१ रोजी, आखाती युद्ध तोंडावर आलेले असताना, राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानासमोरील लाफायेट चौकात त्यांनी युद्धाविरुद्ध वाजवले. थोड्याच दिवसांत बगदादवर बाँब पडू लागले. त्या कार्यक्रमाने युद्ध थांबले नाही, हे खरेच. परंतु देशभर युद्धज्वर चढलेला असताना राजधानीच्या मध्यभागी उभे राहून नाही म्हणणारे हजारो तरुण तेथे होते, आणि ते एकमेकांना दिसले. एकमेकांना दिसणे ही चळवळीची पहिली पायरी असते.

नकाराची खरी कसोटी गरिबीत लागत नाही, ती यशात लागते. निर्वाणा या बँडची ‘नेव्हरमाइंड’ ही ध्वनिमुद्रिका १९९१ साली एका बड्या कंपनीने काढली आणि तिने विक्रीचे उच्चांक गाठले. त्यानंतर कंपन्यांचे लोक पंक बँडच्या दारोदार हिंडू लागले. त्यांच्या हातात उचल होती. हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण ऊसतोडणीवाल्यांची किंवा वीटभट्टीवरच्या मजुरांची उचल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या व्यवहाराचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. कंपनी आगाऊ रक्कम देते. ध्वनिमुद्रण, दौरे, चित्रफिती यांचा खर्च बहुतांशी त्याच खात्यावर चढतो. तो फिटेपर्यंत कलावंताचा हिस्सा कंपनीकडेच वळता होतो, आणि पुढच्या अनेक ध्वनिमुद्रिका त्या करारात बांधलेल्या असतात. ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी याने १९९३ साली लिहिलेल्या एका लेखात अशा काल्पनिक बँडचा नमुना-हिशेब मांडून दाखवला. अडीच लाख प्रती खपतात, उद्योगाच्या पदरात तीस लाख डॉलरहून अधिक पडतात, आणि बँडच्या खात्यावर मात्र चौदा हजार डॉलरचे देणे उरते.

त्याच वर्षी फुगाझीची ‘इन ऑन द किल टेकर’ ही ध्वनिमुद्रिका, कोणत्याही बड्या कंपनीच्या आधाराशिवाय, बिलबोर्डच्या खपाच्या यादीत १५३ व्या क्रमांकावर पोहोचली. अटलांटिक कंपनीचे संस्थापक अहमद अर्तेगुन स्वतः त्यांना भेटायला आले आणि हव्या त्या अटींवर करार देऊ केला. फुगाझीने नकार दिला. त्याच सुमारास डिस्कॉर्डचे जॉबॉक्स आणि शडर टु थिंक हे दोन बँड अनुक्रमे अटलांटिक आणि एपिक या कंपन्यांकडे गेले. डिस्कॉर्डने त्यांना अडवले नाही. अडवता आलेही नसते, कारण तेथे कोणाशीही लेखी करार केलेलाच नव्हता. खर्च वजा जाता उरलेला नफा बँड आणि संस्था यांच्यात वाटायचा, एवढाच शब्दावर चाललेला व्यवहार होता. ज्याला राहायचे तो राहील, ज्याला जायचे तो जाईल. माणसे बांधून ठेवण्याचे साधन आपल्या हाती असताना ते न वापरणे किती कठीण असते, हे संघटनेत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

साथींनो, येथवर मी या मंडळींची बाजू मांडली. आता दुसरी बाजू पाहिली नाही तर हे भाषण भाबड्या भक्तीचे होईल.

पहिला आक्षेप असा, की हे सारे सुस्थितीतल्यांचे चोचले आहेत. वॉशिंग्टनच्या या पंक मंडळात मध्यमवर्गीय गौरवर्णीय मुलांचा भरणा होता. ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे, त्याने लाखो डॉलर नाकारावेत असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. मात्र सुस्थितीतली बहुसंख्य मुले नकार देत नाहीत, हेही तितकेच खरे आहे. परिस्थितीने नकाराची मुभा दिली, नकार दिला तो माणसांनी.

दुसरा आक्षेप स्वावलंबनाच्या कल्पनेवरचा आहे. डिस्कॉर्ड एकट्याच्या बळावर उभी राहिली, ही समजूत चुकीची आहे. ध्वनिमुद्रिका छापायच्या तर महिनोन्‌महिने भांडवल अडकून पडते, आणि दुकानदार पैसे उशिरा देतात. या अडचणीतून वाट काढली ती लंडनच्या सदर्न स्टुडिओज या संस्थेच्या जॉन लोडर यांनी. छपाईचा खर्च आधी उचलायचा आणि विक्रीतून तो वळता करून घ्यायचा, अशी व्यवस्था त्यांनी करून दिली. याच लोडर यांनी त्यापूर्वी क्रास या इंग्रज युद्धविरोधी पंक बँडबरोबर काम केले होते. म्हणजे एका देशातल्या चळवळीने उभारलेले साधन दुसऱ्या देशातल्या चळवळीच्या उपयोगी पडले. स्वातंत्र्य म्हणजे एकटेपणा नव्हे. कोणावर विसंबायचे, याची निवड आपल्या हाती ठेवणे म्हणजे स्वातंत्र्य.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्याला या बँडच्या कारकिर्दीत उत्तर सापडत नाही. फुगाझीने बाजारपेठेला वळसा घातला. बाजारपेठ जागच्या जागीच राहिली. १९९४ साली पर्ल जॅम या लोकप्रिय बँडने तिकीटविक्रीतील टिकेटमास्टर कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध अमेरिकेच्या न्यायखात्याकडे तक्रार केली. ती चौकशी १९९५ साली काहीही कारवाई न होता बंद झाली. २०१० साली तीच कंपनी लाइव्ह नेशन या कार्यक्रम भरवणाऱ्या बलाढ्य कंपनीत विलीन झाली. २०२४ साली अमेरिकी सरकारने या एकत्रित मक्तेदारीविरुद्ध खटला दाखल केला. पहिल्या तक्रारीनंतर तीस वर्षांनी. या तीस वर्षांत चार प्रामाणिक माणसांच्या पाच डॉलरच्या तिकिटाने इतर कोट्यवधी श्रोत्यांचे तिकीट स्वस्त झाले नाही. व्यक्तीच्या किंवा छोट्या गटाच्या सदाचाराने मक्तेदारी मोडत नाही. ती मोडायला कायदा लागतो, कायद्यासाठी राजकीय शक्ती लागते, आणि राजकीय शक्तीसाठी संघटना लागते. हे काम बँडचे नव्हे, ते आपल्यासारख्यांचे आहे.

मग या कारकिर्दीतून आपण घ्यायचे तरी काय?

तिचा शेवट आधी सांगतो. ४ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनच्या फोरम या सभागृहात फुगाझीचा शेवटचा कार्यक्रम झाला. भांडण नव्हते, पैशाचा वाद नव्हता. घरातली माणसे, मुलेबाळे, आजारपणे यांकडे पाहायची वेळ आली, आणि ते थांबले. बँड मोडल्याची घोषणाही त्यांनी केली नाही. तोवर अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत आणि जगभर मिळून त्यांचे हजारांहून अधिक कार्यक्रम झाले होते, आणि त्यांपैकी आठशेंहून अधिक कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण त्यांच्याच ध्वनिव्यवस्थापकांनी करून ठेवले होते. २०११ च्या डिसेंबरापासून हा सारा साठा त्यांनी लोकांना खुला करायला सुरुवात केली. सुचवलेली किंमत पुन्हा पाच डॉलर. ज्याला परवडत नाही त्याने एक द्यावा, ज्याला अधिक द्यायचे आहे त्याने शंभरपर्यंत द्यावेत. साधले तसेच फसलेले कार्यक्रमही त्यात आहेत. आपले दप्तर लोकांपुढे उघडे ठेवायला जी निर्भयता लागते, ती सरळ हिशेबातून येते. डिस्कॉर्डही आज चालू आहे.

आपण परिवर्तनाची भाषा बोलतो. मक्तेदारीविरुद्ध ठराव करतो, आणि ते केलेच पाहिजेत. पण सभेच्या मांडवाचा खर्च कोणी दिला, पुस्तिकेच्या मागच्या पानावर जाहिरात कोणाची आहे, शिबिराची वर्गणी एखाद्या शेतमजूर बाईला झेपणारी आहे की नाही, सभा रात्री उशिरा ठेवल्यामुळे कोण येऊ शकले नाही, हे प्रश्न आपण व्यवस्थेचे म्हणून कार्यालयमंत्र्यावर सोपवतो आणि राजकारणाचे प्रश्न व्यासपीठासाठी राखून ठेवतो. फुगाझीने ही विभागणी मानली नाही. तिकिटाचा दर हेच त्यांचे धोरण होते आणि उघडे दार हाच त्यांचा जाहीरनामा होता. ज्या संघटनेचा खर्च दात्यांच्या मर्जीवर वाढत जातो, तिचा आवाज त्याच मापाने खाली येत जातो. याचे दाखले आपल्याला अमेरिकेत जाऊन शोधावे लागणार नाहीत.

सदाचाराने मक्तेदारी मोडत नाही, असे मी आताच म्हणालो. ते शब्द मी मागे घेत नाही. परंतु मक्तेदारी मोडायला निघालेल्या संघटनेला नाही म्हणण्याची शक्ती टिकवावी लागते, आणि ती शक्ती ठरावांतून मिळत नाही. ती रोजच्या खर्चाच्या वहीत, एकेका ओळीने, जमवावी लागते. त्या चौघांजवळ ही शक्ती होती, संघटना नव्हती. आपल्याजवळ संघटना आहे. पुढच्या सत्रात आपल्या शाखांचे जमाखर्च वाचले जाणार आहेत. ते कंटाळवाणे काम समजून कोणी बाहेर चहाला जाऊ नये, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.